कच्ची उडी

कासारवाडीच्या थांब्यावर बस नीट थांबली नाही. आपल्याकडच्या बस थांबतात म्हणजे जरा हळू होतात, पुढचं ज्यानं त्यानं बघून घ्यायचं. दौलतराव चढून दारातल्या दांडीला धरून उभे होते, तेवढ्यात मागून एक बाई पळत आली. चाळिशीची असेल, खांद्याला पर्स, एका हातात भाजीची पिशवी. तिनं पायरीवर पाय टाकला आणि मोकळा हात वर केला. दौलतरावांनी आपला हात पुढं केला. बोटांना बोटं लागणार एवढ्यात तो हात मागं आला. त्यांनी घेतला नाही, तो आपला आपण आला. बाई पायरीवर गुडघ्यावर आपटली, पिशवीतली चार वांगी रस्त्यावर गेली, कंडक्टरनं तिला दंडाला धरून वर ओढलं आणि ड्रायव्हरला दोन शिव्या हासडल्या. "लागलं नाही, लागलं नाही," म्हणत बाई उभी राहिली आणि उलट दौलतरावांनाच म्हणाली, "सॉरी हां काका, तुमच्या अंगावरच आले असते." कुणाला काही दिसलं नव्हतं. दिसण्यासारखं होतं तरी काय? एका म्हाताऱ्याचा हात पुढं झाला आणि मागं गेला. पण भोसरीचं तिकीट मागताना दौलतरावांचा आवाज असा काही निघाला की कंडक्टरला पुन्हा विचारावं लागलं.

खिडकीपाशी जागा मिळाल्यावर त्यांनी तो हात मांडीवर ठेवून पाहिला. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाच्या मानानं मनगट अजून जाड होतं, तळव्याला जुने घट्टे होते, करंगळी कधीतरी मोडून वाकडी बसलेली. वय झालं, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. शुगर असेल, नस दबली असेल. सबबी हव्या तेवढ्या निघतात, पण आपल्याच हाताची चाल माणसाला ओळखू येते. ही चाल त्यांनी अकरा वर्षं रोज वापरली होती आणि त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत एकदाही नाही. ती अंगातून गेली असं ते धरून चालले होते. गेली नव्हती. आत कुठंतरी शांतपणे बसून होती आणि आज, नेमकी दीपमालाकडं निघालेलं असताना, बसच्या दारात हजर झाली. त्यांना भीती वाटली. स्वच्छ, लहान मुलासारखी भीती. उतरून परत जावं, पोरीला फोन करून पोट बिघडलंय म्हणून सांगावं, असं वाटलं. बस नाशिक फाट्याच्या पुलाखाली अडकली होती आणि उतरणं सोपं होतं. ते उतरले नाहीत.

हातानं दगा द्यावा असं त्यांच्या सध्याच्या नोकरीत काही नव्हतंच. चाकणला एका ट्रेनिंग सेंटरवर ते उंचीवर काम करणाऱ्यांना शिकवत. पत्र्यावर, टाकीवर, क्रेनवर चढणाऱ्या पोरांनी पट्टा कसा बांधायचा, हुक कुठं अडकवायचा, पाय घसरला तर हातपाय न झाडता लटकून कसं राहायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं बारा फुटांवरच्या फळीवरून खाली पाय टाकायचा. पट्टा मांड्यांना आवळतो, माणूस मध्येच थांबतो, खालचे मित्र मोबाइलवर त्याचा फोटो काढतात आणि त्याला सर्टिफिकेट मिळतं. दोरावर सगळी भिस्त. कुणी कुणाचा हात धरायचा प्रश्नच नाही, आणि दौलतरावांना ही नोकरी आवडायची ती त्यासाठीच. "काका, आधी काय करत होता?" असं पोरं विचारत. "कंपनीत होतो," ते सांगत. चाकणमध्ये या उत्तरापुढं कुणी जात नाही, इथं सगळेच कुठल्या ना कुठल्या कंपनीत असतात. सर्कसवाले आपल्या तंबूला कंपनीच म्हणतात, हे त्या पोरांना कुठून ठाऊक असणार?

दीपमालानं गुरुवारी फोन केला होता. "अप्पा, रविवारी शेडवर या. आईच्या सीनमधली एक जागा अडलीय. तुमच्याशिवाय ती कुणी सांगू शकणार नाही."

"कसली जागा?"

"ती हात सोडते ती."

त्यांनी येतो म्हणून सांगितलं आणि नंतर बराच वेळ तव्यावरची भाकरी करपल्याचं त्यांना समजलं नाही. दीपमाला तीस वर्षांची होती आणि तिनंही सर्कसच धरली होती. कुरुळीला आत्याकडं वाढलेली पोर, बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देणारी, एक दिवस छतापासून लोंबणाऱ्या कापडाला गुंडाळून घेऊन वर चढायला लागली. त्या आत्यानं, विमलबाईंनी, कपाळावर हात मारला होता. "आईनं एवढं भोगलं, आता हिला बी त्येच पाहिजे व्हय रं दौलत? न्हाई म्हन तिला." दौलतरावांनी नाही म्हटलं नाही. त्यांना तो हक्क वाटला नाही. शिवाय दीपमाला सांगायची की ही सर्कस ती नव्हे. हिच्यात तंबू नाही, जनावरं नाहीत, जोकर नाही, पोटासाठी गावोगाव हिंडणं नाही. आठ जण आहेत, आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करतात, संध्याकाळी भोसरीच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये सराव करतात आणि वर्षातून एक नवा प्रयोग उभा करतात. या वर्षीचा प्रयोग तिच्या आईवर होता. मंजुळावर.

तीन वर्षांपूर्वी चिंचवडच्या नाट्यगृहात त्यांनी या लोकांचा पहिला प्रयोग पाहिला, तेव्हा त्यांची चांगलीच फजिती झाली होती. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात रुमाल ठेवून दुसऱ्या रांगेत बसले. दिवे गेले आणि बँड वाजला नाही. कुणी मेहरबान-कदरदान म्हणून पुकारा केला नाही. लांबून पाणी ठिबकल्यासारखा एक आवाज तेवढा येत राहिला आणि लाल कापडावरून दीपमाला वर गेली, कुणाकडं न बघता, एकटीच घरात असल्यासारखी. वर गेल्यावर तिनं कापड कमरेला गुंडाळलं आणि एकदम सोडून दिलं. ती गरगरत खाली आली आणि जमिनीपासून हातभर अंतरावर थांबली. दौलतराव उठून उभे राहिले होते. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सगळ्या थिएटरात त्यांच्या एकट्याच्याच. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की इथं शेवटापर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात. खाली बसताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना वाटलं, आपल्या तंबूत ती बाई वर का चढली हे कधी कुणी विचारलं नाही. ती चढायची, उडायची, सलाम करायची, की लगेच हत्ती यायचे. इथं मात्र सगळं तेवढंच विचारतात. ही बाई वर का चढली, तिच्या मनात काय होतं, ती एकटी का. दीड तास तेच. त्यांना ते आवडलं नाही असं नाही. त्यांना हेवा वाटला. प्रयोग संपल्यावर आत गेले, तेव्हा मोनिका नावाची ती बारीक केसांची दिग्दर्शिका एका मुलीला सांगत होती, "खांदा दुखत होता तर आधी बोलायचं ना. आपण तो भाग काढून टाकला असता. त्यात काय एवढं?" मुलगी हसली, बर्फ लावून बसली. दौलतराव दारातच थबकले. आज नको, एवढं म्हटलं की इथं पुरत होतं.

मंजुळानंही तेच म्हटलं होतं. आज नको.

तंबूतल्या झोक्यांच्या खेळात एक कच्ची उडी असते. पब्लिकला ठाऊक नसतं, पण कंपनीतल्या पोरासोरांनाही माहीत असतं. उंच झोक्यावरून बाई सुटते, समोरच्या झोक्यावर पुरुष गुडघे अडकवून उलटा लोंबत असतो, तिचे हात त्याच्या हातांपर्यंत येतात आणि चुकतात. बाई खाली जाळीत. सगळा तंबू आ करतो. बायका तोंडाला पदर लावतात. मग बाई जाळीतून उठते, केस सारखे करते, पुन्हा शिडी चढते, बँडवाला ढोल घुमवतो, आणि दुसऱ्या उडीला पुरुष तिला मनगटांत धरतो. असा टाळ्यांचा कडकडाट पहिल्याच उडीत धरली तर होत नाही. चुकणं खोटं, धरणं खरं. चुकवण्याचं काम झेलणाऱ्याचं असतं, अगदी शेवटच्या क्षणी हात मागं घ्यायचे, आधी घेतले तर पब्लिक ओळखतं. आणि बाईनं ते धरूनच हवेत अंग वळवून घ्यायचं, म्हणजे जाळीत पाठीवर येता येतं. दौलतराव आणि मंजुळाची कच्ची उडी इतकी साफ होती की दुसऱ्या कंपन्यांचे लोक तिकीट काढून बघायला यायचे. लग्नाआधीपासून त्यांची जोडी होती. लग्न ठरलं तेही तसंच. "रोज पाडतोस, एक दिवस घरी तरी ने," असं ती म्हणाली होती, आणि मग मिरजेला मुक्काम असताना हारबीर घालून झालं.

भोसरीच्या चौकात बस पुन्हा रखडली. दौलतरावांनी डोळे मिटले, पण त्यानं काही थांबलं नाही. पिंपरीच्या मोठ्या मैदानावर मुक्काम होता. रविवारचा तीनचा खेळ. आदल्या दिवशी तीन खेळांत तीन कच्च्या उड्या झाल्या होत्या आणि मंजुळाची मान धरली होती. पडद्यामागं हाताला पांढरी पावडर लावताना ती म्हणाली, "आज कच्ची नको हं. सरळ धर." ते बरं म्हणाले. तिनं मान हळूच डावीकडं वळवून बघितली, तोंड वेडंवाकडं केलं, हसली, आणि राहुटीच्या दाराशी बसलेल्या चार वर्षांच्या दीपमालाला म्हणाली, "माती खाऊ नको गं." मग शिडी चढली. इथपर्यंतचं सगळं दौलतरावांना जसंच्या तसं आठवायचं, तिच्या बाहीचा उसवलेला टाका धरून. नंतरचंही आठवायचं, पण ते बघायला जायचं त्यांचं धाडस नसायचं. ती सुटली. दोन्ही हात पुढं, बोटं ताठ, अंग सरळ, कारण आज वळायचं नव्हतं. आणि अकरा वर्षांची सवय त्यांच्या हातांत शिरली. ती जाळीत गेली ती मानेवर.

पण याहून वाईट पुढंच होतं. उलटं लोंबत असताना त्यांनी खाली तिच्याकडं बघितलंच नाही. कच्च्या उडीनंतर झेलणाऱ्यानं पब्लिककडं बघून एक बोट वर करायचं असतं, घाबरू नका, आता बघा. त्यांनी बोट वर केलं. हसूनसुद्धा दाखवलं. बँडवाल्यानं ढोल धरला. पब्लिक मंजुळाच्या उठण्याची वाट बघत होतं, बँडवाला बघत होता, दौलतराव बघत होते, आणि सगळ्यांना ते नेहमीचंच वाटत होतं. ती उठत नाही म्हणजे आज जरा जास्त रंगवतेय. पहिला धावला तो सोनबा जोकर, लाल नाकासकट, आणि तो धावला म्हणून लोक आणखी हसले.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. मानेखालचं काही हलत नव्हतं. पोलीस जबाब घ्यायला आला, तेव्हा दौलतराव खाटेच्या पायथ्याशी उभे होते. काय झालं बाई, असं त्यानं विचारलं. मंजुळानं नवऱ्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि बारीक आवाजात म्हणाली, "माझी पकड निसटली." ते खोटं तिचं होतं. तिनं ते त्यांच्यासाठी केलं की पोरीसाठी, की आता कशाला म्हणून, हे विचारायला त्यांना नऊ दिवस होते आणि त्यांनी विचारलं नाही. ती गेली आणि ते खोटं त्यांच्याकडं राहिलं. विमलला त्यांनी तेच सांगितलं, मालकाला तेच, आणि दीपमाला विचारायच्या वयाची झाली तेव्हा तिलाही. तुझ्या आईची पकड निसटली.

मागच्या वर्षी प्रयोगाची जुळवाजुळव करताना दीपमाला आळंदीला सोनबाला भेटून आली. म्हातारा तिथं एका धर्मशाळेत असतो, देवळाच्या रस्त्यावर माळा विकतो. तो तिला म्हणाला, "पकड निसटली? तुझ्या आईची? न्हाई पोरी. ती बाई वल्या हातानं मासा धरील, अशी पकड. ते कायतरी येगळंच." ती कासारवाडीला येऊन बापासमोर जेवायला बसली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "अप्पा, मला वाटायचंच. आईनं हात स्वतः सोडला. तिला राहायचंच नव्हतं. त्या तंबूत नाही, तुमच्याजवळ नाही, माझ्याजवळपण नाही. चार वर्षांची होते मी. मी तिला पुरले नाही." रडली वगैरे नाही. आमटी वाढा म्हणाली. खूप दिवस मनात घोळवून गुळगुळीत झालेली गोष्ट माणूस सांगतो, तसं तिनं सांगितलं. दौलतरावांनी आमटी वाढली. तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरच्या प्रत्येक भेटीत बोलायला हवं होतं. पण खरं सांगितलं तर हीही जाईल, या भीतीनं ते दुसरंच काहीतरी बोलायचे, आणि पोर आपल्या आईनं आपल्याला टाकलं असं समजून दिवस काढत राहिली. बापानं स्वतःला वाचवण्यासाठी मुलीची आई तिच्यापासून दुसऱ्यांदा काढून घेतली, हे त्यांना पुरतं कळत होतं. कळून ते गप्प बसत होते.

शेडच्या दारावर पाटी नव्हती. आत पूर्वी लोखंडी फर्निचर बनत असावं, जमिनीवर अजून वेल्डिंगचे काळे डाग होते. छताच्या लोखंडी कैच्यांना दोन झोके टांगलेले आणि खाली कमरेएवढ्या उंचीची निळी गादी. जाळी नाही. मोनिकानं खुर्ची दिली, पाणी दिलं. रणजीत पाया पडला. हा सव्वीस वर्षांचा पोरगा चाकणला एका कारखान्यात पेंट शॉपला होता आणि इथं झेलायचं काम करायचा. "काका, माझं काय चुकत असेल तर बिनधास्त सांगा हां." दीपमाला काळ्या कपड्यांत होती, पायांना पट्ट्या बांधलेल्या, केस घट्ट वर. बापाकडं बघून ती हसली आणि त्या हसण्यात मंजुळाचं काहीच नव्हतं, याचं दौलतरावांना नेहमीप्रमाणं बरंही वाटलं आणि वाईटही.

"आधी नुसतं बघा अप्पा," ती म्हणाली. "मग मला सांगा, मनगट असंच फिरलं असेल का."

त्यांनी पाहिलं. ढोल नव्हता. रणजीत उलटा लोंबून तिला मनगटांत धरून होता आणि दोघं सावकाश हलत होते. गादीच्या कडेला एक लहान फ्रॉक ठेवला होता. दीपमालानं त्या फ्रॉककडं पाहिलं, मग पाहणं सोडलं, आणि एकेक करून आपली बोटं उघडली. आधी करंगळी, मग बाकीची. रणजीतचे हात तिला धरू बघत होते आणि ती त्यांतून हळूहळू निसटत होती, दमलेली, शांत, सगळं आधीच ठरवलेली. मग ती पडली. कुणी हललं नाही. कोपऱ्यातल्या एका मुलीनं डोळे पुसले. तो भाग सुंदर होता, दौलतरावांना ते नाकारता येईना. त्यांच्या तंबूत सगळं खोटं असून लोक खरं मानायचे. इथं ही आठ भली माणसं खरं शोधायला निघाली होती आणि दौलतरावांनी दिलेल्या एका खोट्यावर जीव तोडून मेहनत करत होती.

दीपमाला गादीवरून उतरून आली. "असंच ना?"

"न्हाई," दौलतराव म्हणाले.

"मग? मनगट आधी?"

"तिनं हात सोडला न्हाई, दीपा. तिनं हात दिले व्हते. दोन्ही. मी घेतले न्हाईत."

ती तशीच उभी राहिली. रणजीत वरून सरळ झाला आणि झोक्यावर बसून राहिला. मोनिकानं बाकीच्यांना बाहेर जायची खूण केली, पण कुणाच्या लक्षात आली नाही. दौलतरावांनी सगळं सांगितलं. मान धरलेली, आज नको म्हणालेली, आपण बरं म्हटलेलं. दवाखान्यातला जबाब.

"हात आपोआप मागे गेले?" दीपमालानं विचारलं. "सवयीनं?"

हो म्हणून तिथंच थांबता आलं असतं. तेवढंही काही थोडं नव्हतं. पण आज सकाळपासून तो हात त्यांच्या मांडीवर पडून होता.

"सवयीनं," ते म्हणाले. "पन वर लोंबताना मला राग बी आलता. थोडा. कच्ची न्हाई म्हंजे टाळ्या पडनार न्हाईत म्हनून. हात सवयीनं गेले का त्या रागानं गेले, ते मला आजवर समजलं न्हाई."

"पडल्यावर ती कुठे बघत होती?"

"वर."

"तुमच्याकडे?"

"असंल. मी पब्लिककडं बघत व्हतो."

बाजूच्या युनिटमध्ये कुणीतरी पत्रा ओढत होतं. मग दीपमाला म्हणाली, "म्हणजे ती येत होती." तिनं ते पुन्हा म्हटलं, वेगळ्या आवाजात. "ती येत होती. तिला यायचं होतं." आणि ती गादीच्या कडेला बसून रडायला लागली, तोंड उघडं टाकून, नाक वाहतंय याची शुद्ध नसलेली, चार वर्षांच्या मुलीनं रडावं तशी. त्या रडण्यात सुटका होती. दौलतरावांना ती स्पष्ट दिसली आणि क्षणभर त्यांच्या छातीवरचंही काहीतरी उतरलं. पण त्यात आपल्यासाठी काही नाही, हेही दिसलं. ते खुर्चीवरून उठले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, आणि आपल्या हाताची त्यांना लाज वाटली.

ती तोंड धुऊन आली, तेव्हा तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. फ्रॉक उचलून बाजूला ठेवला. "मोनिका, सीन बदलू. मी समोरून येते, पूर्ण हात देते. रणजीत, तू शेवटच्या क्षणाला मागे घे."

"आजच करायचं का हे?" मोनिका म्हणाली. "आज राहू दे, दीपा."

"आज."

दौलतरावांनी जायला हवं होतं. कुणी जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. दीपमाला पलीकडच्या झोक्यावरून सुटली, अंग सरळ, दोन्ही हात पुढं, आणि रणजीतनं तिला पकडलं. पुन्हा केलं. पुन्हा पकडलं. तिसऱ्या खेपेला त्यानं हात मागं घेतले ते इतके आधी की ती उडायचीच थांबली. चौथ्यांदा त्यानं तिला अशी घट्ट धरली की तिच्या मनगटांवर वळ उठले.

"ताई, नाही होत," रणजीत वरून म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी ठरवतो घ्यायचे म्हणून. पण तू आलीस की हात धरतातच. मला हे येतच नाही."

दीपमाला गादीवर उभी होती. हातांवरची पावडर तिनं मांड्यांना पुसली, आणि मग तासाभरात पहिल्यांदा बापाकडं वळली.

"अप्पा, त्याला शिकवा."

"दीपा, ते नको सांगू."

"तुम्हालाच येतं ते. इथे दुसऱ्या कुणाला येत नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर दौलतरावांना बरं वाटलं असतं. ती एका माणसाला त्याचं काम सांगत होती आणि उत्तराची वाट बघत होती. आपण उठून दाराबाहेर गेलो तर ही अडवणार नाही आणि पुन्हा बोलावणारही नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी चपला काढल्या. गादीवर चढताना गुडघा दुखला. रणजीतचं लोंबतं कोपर त्यांनी दोन बोटांत धरलं.

"हे आधी ढिलं टाकायचं," ते म्हणाले. "मनगट मग आत वळतं. बोटं शेवटाला मिटायची, तिची बोटं लागल्यावर. तिच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, भावा. बघितलंस तर धरशील."

"मग कुठं बघू, काका?"

"पलीकडं. लोकांकडं."

ते गादीवरून उतरून बाजूला उभे राहिले. दीपमाला शिडी चढली, झोका धरला, दोन हेलकावे घेतले आणि सुटली. तिचे हात आले. रणजीतची मान दुसरीकडं वळली, कोपर ढिलं पडलं, बोटांना बोटं लागली आणि हात मागं गेले. ती खाली आली, न वळता. गादीचा मोठा आवाज झाला. ती हात पसरून पडून राहिली, श्वास लागलेला, डोळे उघडे.

"असंच?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

दौलतरावांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "असंच."